मुक्कामाची गाडी

२०२५ च्या जून महिन्यातली गोष्ट. पाऊस अजून नीट लागला नव्हता, शाळा मात्र उघडण्याच्या बेतात होत्या. संध्याकाळी मी पांढरकवड्याच्या बसस्थानकावर बसलो होतो. कोठे जावयाचे नव्हते. निवृत्त मास्तराला संध्याकाळी बसावयास जी दोनचार ठिकाणे उरतात त्यांतले हे एक. शेजारच्या बाकावर खेड्यावरची एक बाई आपल्या मुलीला घेऊन बसली होती. मुलगी नववीत जाणार, तिचा दाखला आणि पासचे कागद आईच्या पिशवीत. माझ्या हातातले वर्तमानपत्र पाहून बाई म्हणाली, "गुर्जी, सरकारच्या नव्या गाड्या येऊन राह्यल्या म्हन्ते. मंग आमच्या गावाले सांजची लागन काय?"

आयुष्यभर इतिहास शिकविणाऱ्यास भविष्य विचारले म्हणजे तो गडबडतो. "पाहू माय," असे काहीतरी पुटपुटून मी वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत मनात हेच घोळत राहिले की हा प्रश्न भविष्याचा जितका आहे तितकाच इतिहासाचाही आहे. सरकारी पैसा ह्या रस्त्यावर काही आज प्रथम येत नाही. तो पूर्वी कितीदा आला, कोणत्या वाटेने आला आणि कोठवर पोचला, हे पाहिले तर बाईला उत्तर देता येईल असे वाटले. पुढचा मजकूर त्याच खटपटीतून लिहिला आहे.

आमचे गाव रस्त्याचे आहे. नागपूरहून हैदराबादेस जाणारा जुना मार्ग येथून जातो. नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, जिल्ह्याचे ठाणे यवतमाळ सत्तर, आणि दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद पन्नासाच्या आतबाहेर. ह्या मुलखातून १८१८ च्या एप्रिलात दुसरा बाजीराव नागपूरकर आप्पासाहेबांच्या मदतीच्या आशेने भटकला आणि इंग्रजी फौजांनी त्याची वाट अडविली. पुढे वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या कारभारात गेले, १९०२ च्या कराराने ते कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडेच राहिले, आणि वणीच्या नावाचा जो जिल्हा होता त्याला १९०५ साली यवतमाळचे नाव मिळाले. हे सारे घडत असता आगगाडीने मात्र आम्हांस प्रत्येक वेळी बगल दिली. मूर्तिजापूरहून यवतमाळला कापसासाठी आलेली छोटी गाडी, जिला लोक शकुंतला म्हणत, यवतमाळलाच थांबली. वणी, मुकुटबन, पिंपळखुटी करीत आदिलाबादेस जाणारी गाडी बाजूने जाते. वर्धा-यवतमाळ-नांदेड ह्या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, पण तो मार्गही कळंब, यवतमाळ, दारव्हा, पुसद असा पश्चिमेकडे वळतो. तेव्हा पांढरकवड्याच्या माणसाला रस्ता हेच सर्वस्व. आजारपण, कोर्टकचेरी, कॉलेज, सोयरीक, सारे मोटारीवर.

रस्त्यांकडे सरकारचा पैसा ठरवून वळावा ही कल्पना एका मराठी माणसाच्या नावाशी जोडलेली आहे हे पुष्कळांस ठाऊक नसते. मुकुंदराव जयकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली हिंदुस्थान सरकारने रस्ते सुधारणेची समिती नेमली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवरचा कर गॅलनला चार आण्यांचा सहा आणे झाला आणि वरचे दोन आणे १९२९ पासून रस्त्यांच्या निधीत जाऊ लागले. मोटारवाल्याने द्यावे आणि ते रस्त्याला लागावे, असा हा सरळ हिशेब होता. आपल्याकडील सरकारी हिशेब फार काळ सरळ राहात नाहीत, तो भाग निराळा.

त्यानंतरचा मोठा संकल्प तर नागपुरातच झाला. महायुद्ध चालू असताना, १९४३ च्या डिसेंबरात, साऱ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. तिला नागपूर योजना हेच नाव पडले. चांगल्या शेतीच्या मुलखातील कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून अधिक दूर असू नये, असा तिचा दंडक. राष्ट्रीय हमरस्ते, प्रांतिक रस्ते, जिल्ह्याचे रस्ते, गावरस्ते ही प्रतवारी आजही आपण वापरतो, ती त्याच बैठकीत पक्की झाली. मला ह्या योजनेविषयी आदर आहे. युद्धाच्या धामधुमीत खेड्याचा विचार करणारे अभियंते थोडे असतात. पण तिच्यात एक गोष्ट अशी राहून गेली की जिचा त्रास पुढे पाऊणशे वर्षे झाला. तिने मोजले ते रस्त्याचे मैल. त्या रस्त्यावरून दिवसाकाठी किती वेळा आणि कोणत्या वेळी गाडी जाईल, हे तिने मोजले नाही. ते तिचे कामही नव्हते. मात्र रस्ता झाला म्हणजे दळणवळण झाले, ही समजूत तेव्हापासून सरकारी दप्तरात जी रुजली ती अजून उखडलेली नाही.

आणि पाच मैल म्हणजे काय, हे काळ्या जमिनीवर राहणाऱ्यासच कळते. आमची जमीन कापसाची. उन्हाळ्यात तिला हातभर रुंद भेगा पडतात आणि मृगाचे चार शिंतोडे पडले की तीच पायाला अशी धरते की वहाण हातात घ्यावी लागते. बैलाच्या खुराला चिकटलेला चिखल काठीने खरडून काढावा लागे. अशा जमिनीवर खडी घातली तर ती दोन पावसाळ्यांत पोटात जाते. खाली मुरुमाचा जाड थर पाहिजे, कडेला नाली पाहिजे, नाल्यावर रपटा पाहिजे. हे सारे पैशाने होते आणि दरवर्षीच्या पैशानेच टिकते. एकदा बांधून मोकळे व्हावे अशी ही जमीनच नव्हे.

मोटारींचे म्हणाल तर नदीच्या दोन तीरांवर दोन तऱ्हा होत्या. पलीकडे निजामाच्या राज्यात १९३२ सालीच राज्याच्या रेल्वेखात्याने स्वतःच्या मोटारगाड्या सुरू केल्या. आरंभी २७ गाड्या आणि १६६ माणसे. अलीकडे, वऱ्हाडात, परवान्यावर चालणाऱ्या खाजगी मोटारी. १९३९ च्या मोटार कायद्याने त्यांना मार्ग आणि परवाने नेमून दिले, पण वेळ मालकाच्या मर्जीची. माझे वडील एका जिनिंगात कारकून होते. ते सांगत की मोटार सुटण्याची वेळ म्हणजे ती भरण्याची वेळ. युद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा गाडीच्या मागे कोळशाचा बंब बसविला गेला; त्याच्या वायूवर गाडी चाले, चढावर उतारूंनी उतरून हात लावावा, आणि घाटमाथ्यावर सर्वांची तोंडे सारखीच काळी. ही हकीकत वडील इतक्या आनंदाने सांगत की तो काळ बरा होता की काय असा आम्हां मुलांना संशय येई.

मुंबई राज्याच्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. आमचा तिच्याशी तेव्हा संबंध नव्हता. आम्ही मध्य प्रांत-वऱ्हाडचे. नागपूरच्या बाजूस प्रॉव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस ह्या नावाची सरकारी सेवा होती. १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात आला, आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके इकडे आले, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या ह्या सेवा यथाकाल एसटीत विलीन झाल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर महामंडळालाही त्याचे नाव मिळाले.

ह्या महामंडळाचा जन्म ज्या कायद्यातून झाला तो १९५० चा रस्ता परिवहन महामंडळ कायदा प्रत्येक तक्रारदाराने एकदा वाचावा. त्याच्या अठराव्या कलमात महामंडळाचे कर्तव्य सांगितले आहे: कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसूत्र सेवा देणे. बाविसाव्या कलमात तत्त्व सांगितले आहे: कारभार धंद्याच्या तत्त्वावर करणे. पुरेशी सेवा आणि धंद्याचे तत्त्व! झरीच्या जंगलातल्या कोलामपोडावर जी पुरेशी ती धंद्याची नव्हे, आणि नागपूरच्या मार्गावर जी धंद्याची ती अपुरी पडली तर पडो, हा पेच कायद्याच्या दोन पानांत शेजारी शेजारी नांदतो. पण खरी गंमत तिसाव्या कलमात आहे. महामंडळाने व्याज, घसारा, निधी वगैरे भागवून आणि विस्ताराला लागेल ते ठेवून उरलेला नफा राज्य सरकारला द्यावा, आणि सरकारने तो रस्त्यांच्या सुधारणेला लावावा. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असा काळ होता की एसटी सरकारला पैसा देईल! त्यांना हसण्याचे कारण नाही. १९५० सालच्या माणसांना पुष्कळ गोष्टी शक्य वाटत होत्या, आणि त्यांतल्या काही खरोखरच झाल्या.

झालेल्यांपैकी एक म्हणजे मुक्कामाची गाडी. आमच्या आजोळी ती साठीच्या दशकात येऊ लागली. गावाचे नाव सांगत नाही. त्या काळी अशी गावे शेकड्यांनी होती. दिवेलागणीच्या सुमारास लांबून आवाज येई, मग टेकाडावर दोन दिवे दिसत आणि पोरे धावत सुटत. ड्रायव्हर आणि कंडक्टर चावडीच्या ओसरीवर पथारी टाकीत. त्यांची भाकरी कोणत्या घरची, हे पाळीने ठरलेले असे. आमच्या आजीच्या पाळीला ठेचा आणि आंबाडीची भाजी ठरलेली. कंडक्टर रात्री तिकिटांची पेटी उशाशी घेऊन निजे. त्याच्याजवळ तालुक्याच्या बातम्या असत: कापसाचा भाव, कोणाचा निकाल, कोठे पूर. पहाटे पाचाला गाडीचे इंजिन सुरू झाले की त्या आवाजावर गावातल्या चुली पेटत. सकाळी शाळेची मुले, दवाखान्याचे दुखणेकरी, तहसीलीत खेटे घालणारे, दुधाच्या किटल्या, कोंबड्यांची खुराडी, सगळे त्याच गाडीने जात आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत येत.

ह्या गाडीचे मर्म असे की ती गावाच्या वेळेने चालत असे. दिवसा मधल्या वेळी येऊन वळून जाणारी फेरी गावाच्या फारशी उपयोगाची नसते. खेड्यातून सकाळी निघता आले पाहिजे आणि अंधारापूर्वी परतता आले पाहिजे. ह्या दोन टोकांमध्ये आठ फेऱ्या धावल्या काय आणि एक धावली काय, शाळकरी मुलीस सारखेच. आणि असे दोन टोकांचे वेळापत्रक राखावयाचे तर गाडी रात्री गावातच राहिली पाहिजे, दोन माणसांची रात्र तेथे गेली पाहिजे, त्यांना त्याचा भत्ता मिळाला पाहिजे. धंद्याच्या तत्त्वाने पाहिले तर ही गाडी बारा तास नुसती उभी असते. गावाच्या दृष्टीने ती उभी असते हेच तिचे काम.

रस्त्यांवर पुढेही पैसा आला. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीची कामे निघाली आणि बायामाणसांनी डोक्यावर घमेली वाहून मुरुमाचे रस्ते केले. त्यांतल्या पुष्कळांवरून पुढे एसटी गेली. २००० च्या डिसेंबरात प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, तिने पाचशे वस्तीची आणि आदिवासी भागात अडीचशे वस्तीची ठिकाणे डांबरी रस्त्याने जोडावयास घेतली. आमचा हमरस्ता, जो सात नंबरचा होता, तो २०१० च्या नव्या क्रमांकांत चव्वेचाळीस नंबरचा होऊन श्रीनगर-कन्याकुमारीच्या ओळीत बसला, चौपदरी झाला, आणि केळापूरला टोलनाकाही झाला. ज्या जिल्ह्याने महाराष्ट्राला वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन नाईक मुख्यमंत्री दिले, त्याच्या वाट्याला रस्ते अगदीच आले नाहीत असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र रस्ता झाल्याचा पहिला लाभ काळीपिवळीने आणि फटफटीने उचलला. ज्याला परवडते तो रस्ता होताच एसटीतून उतरला. तो उतरल्यावर गाडीत उरल्या त्या म्हाताऱ्या, बायका आणि पासवाली मुले. भारमान घसरले, आणि घसरलेल्या भारमानाच्या फेऱ्यांवर आधी काट मारली जाते, हे कोणत्याही आगारात विचारावे.

इकडे महामंडळाचे काय झाले? प्रवाशांवरच्या करासाठी १९५८ साली कायदा झाला होता. त्याखाली एसटीला वर्षानुवर्षे तिकिटांच्या उत्पन्नावर साडेसतरा टक्के भरावे लागले. म्हणजे सरकार एका हाताने सवलतीची भरपाई देई आणि दुसऱ्या हाताने कर घेई. जून २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक ह्यांनी जी श्वेतपत्रिका काढली तिच्यात साचलेला तोटा दहा हजार तीनशे कोटींवर असल्याचे आणि गेल्या ४५ वर्षांत जेमतेम आठ वर्षे नफ्याची गेल्याचे नमूद आहे. मधल्या काळात करोनाने गाड्या थांबविल्या, आणि २०२१ च्या ऑक्टोबराअखेर शासनात विलीनीकरण व्हावे म्हणून कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला तो उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ ही रुजू होण्याची मुदत घालून देईपर्यंत चालला. जवळजवळ सहा महिने. सहा महिन्यांत माणसे दुसरी सोय लावून घेतात, आणि लावलेली सोय मोडून पुन्हा जुन्या वाटेला येत नाहीत.

त्यानंतर पैसा आला हे खरे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट प्रवास, १७ मार्च २०२३ पासून सर्व बायकांना अर्धे तिकीट. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणाने ९ डिसेंबर २०२३ पासून बायकांना राज्यात पूर्ण प्रवासच मोफत केला, तेव्हा पाटणबोरीच्या पलीकडे एक न्याय आणि अलीकडे दुसरा, ह्यावर आमच्या स्थानकात पुष्कळ चर्चा झडली. सवलतींची चेष्टा करणाऱ्यांत मी नाही. अर्ध्या तिकिटामुळे माहेरी जाणारी, बाजाराला जाणारी, आईला दवाखान्यात भेटून येणारी बाई मी डोळ्यांनी पाहिली आहे. पण ह्या पैशाची चाल नीट पाहावी. सरकार भरपाई देते ती फाडलेल्या तिकिटामागे. बाई गाडीत बसली तर पैसा; गाडीच नसेल तर बाई नाही आणि पैसाही नाही. साहजिकच जेथे आधीच गर्दी आहे त्या मार्गांवर हा पैसा अधिक जमतो, आणि शहाणा आगार व्यवस्थापक आपली बरी गाडी तिकडे लावतो. त्याचा दोष नाही, बाविसावे कलम त्याला तेच सांगते. अशा रीतीने खेड्यातल्या बाईच्या नावाने निघालेला पैसा नागपूरच्या रस्त्यावर धावतो.

दुसरी तऱ्हाही आपल्याच राज्यात आहे. मानव विकास कार्यक्रमात २०११ पासून सव्वाशे मागास तालुके घेतले आणि त्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी निळ्या गाड्या दिल्या. येथे सरकार गाडीची किंमत देते आणि ती चालविण्याचा खर्चही देते. गाडी तालुक्याला बांधलेली, वेळ शाळेला बांधलेली. तिकिटे किती फाटली हा प्रश्नच नाही. त्या गाड्यांनी किती मुली बारावीला पोचविल्या ह्याचा आकडा मी सांगणार नाही. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर दूरच्या खेड्यातल्या मुली दिसू लागल्या, एवढे मी सांगू शकतो. नव्या लाल गाड्या येत आहेत, विजेच्या गाड्यांची बोलणी आणि वादही झाले, त्यांचे स्वागत आहे. मोडक्या गाडीपेक्षा नवी बरी; वाटेत बंद पडणार नाही. पण गाडी विकत घेण्याचा पैसा आणि ती रोज त्याच वेळी त्याच गावी नेण्याचा पैसा हे दोन निराळे पैसे आहेत. पहिल्याचा नारळ फुटतो, फोटो निघतो. दुसरा दरमहा, दरवर्षी, कोणी न पाहता द्यावा लागतो: डिझेल, टायर, कार्यशाळेतला मिस्त्री, मुक्कामाचा भत्ता. १९२९ पासून आजवर आपल्या सरकारांना पहिला पैसा काढणे जितके साधले तितके दुसरा काढणे साधलेले नाही. म्हणून नव्या पैशाने गाड्या सुधारतील असे मला वाटते. गावची सेवा सुधारेल असे म्हणावयास मात्र माझी जीभ रेटत नाही, जोवर तो पैसा गाडीमागे न मिळता फेरीमागे मिळत नाही.

आणि संध्याकाळच्या फेरीचा आमच्याकडे एक अर्थ आहे जो पुण्या-मुंबईच्या वाचकास चटकन ध्यानात येणार नाही. आमच्या एका अंगाला टिपेश्वरचे अभयारण्य आहे. राळेगाव तालुक्याच्या बाजूस ज्या वाघिणीला तेरा माणसांचा बळी घेतल्याचा आरोप होता, ती २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ मारली गेली. त्या दोन वर्षांत ह्या भागातल्या माणसांनी फाट्यावर उतरून गावापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर कसे काढले असतील ते काढले असतील. वाघीण गेली, वाघ आहेत. आणि फाटा आहे तेथेच आहे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा स्थानकावर गेलो. बाई भेटली, मुलीच्या पासचे काम एका खेपेत झाले नव्हते. मी तिला विचारले, "माय, सांजची गाडी लागलीच, तर तुमच्या गावचे रोजचे किती जण बसतील?" तिने बोटे मोडावयास आरंभ केला. शाळेच्या पोरी चार. दवाखान्यात झाडलोट करणारी एक. अंगणवाडीची बाई. बाजाराच्या दोघी, पण त्या मंगळवारी. दारूच्या गुत्त्यावरून येणारे दोघे, "थे पायीच बरे". तहसीलीत चपराशी आहे तो. आणखी दोघी-तिघी. "बारा धरा, गुर्जी," ती म्हणाली, आणि मुलीकडे पाहून, "ही धरून."

चव्वेचाळीस जागांच्या गाडीत बारा. त्यांत पासाच्या चार, अर्ध्या तिकिटाच्या सात, आणि पूर्ण पैशाचा तहसीलीतला एक चपराशी.